साडूंचा वाघ

सोमवार, ७ एप्रिल

आज दुकानात मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे माझे साडू, हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी आपणहून मला फोन केल्याचं आठवत नाही, त्यामुळे कुणीतरी गेलं असणार असं धरून मी कात्री खाली ठेवली. कुणी गेलेलं नव्हतं. जंगलात एका वाघिणीला बछडे झालेत, रोज पाणवठ्यावर घेऊन येते म्हणतात, तर आपण चौघं जाऊन येऊ, असं म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे चार कोट बेतून पडलेत. ते म्हणाले, कोट पळून जात नाहीत. आणि फोन ठेवला.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलंय, मलाही. मला परवाना मिळाला तेव्हा सगळ्यांच्या देखत म्हणाले, परीक्षकाला शिंक आली असणार.

आणि त्यांचा तो वाघ. कुठलंही जेवण असो, हात धुवायच्या आत वाघ येतोच. तरुणपणी ते रात्री घाटातून येत होते, वाघ आडवा आला, मास्तरांनी गाडी थांबवली, दिवे बंद केले आणि वाघाला वाट दिली. वाघाने जाता जाता मान हलवली. सुरुवातीला तो वाघ बोनेटएवढा होता. आता गाडीएवढा झालाय, आणि मधल्या काळात गाडीही मोठी झालीय. दिवे बंद केल्यावर वाघ दिसला कसा, हा प्रश्न माझ्या ओठांवर कित्येक वर्षं आहे. दर वेळी ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय देते.

मी स्वतः वाघ बघितलेला नाही. एकदा प्राणिसंग्रहालयात गेलो होतो, तर तो आमच्याकडे पाठ करून झोपला होता. मला फक्त मागची शिवण दिसली.

संध्याकाळी घरी येऊन हिला सांगणार होतो की मी नाही म्हटलंय. हिने बॅगा माळ्यावरून काढून पुसूनही ठेवल्या होत्या.

गुरुवार, १० एप्रिल

घरात काहीतरी शिजतंय. ही दिवसातून दोनदा ताईंशी फोनवर कुजबुजते आणि मी आलो की भाजीचा भाव विचारायला लागते. आज मी चपला हातात घेऊन आलो. ही म्हणत होती, "नाही गं, यांना काही बोलले नाही. भाऊजी स्वतःच सांगणार ना तिथे गेल्यावर? मग राहू दे."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. अठरा तारखेला मला साठ पूर्ण होतात. आम्ही तेव्हा नेमके जंगलात असू. आणि मास्तर स्वतः काहीतरी सांगणार, म्हणजे भाषण. इतकी वर्षं माझी टिंगल केली, आता साठीला दोन शब्द चांगले बोलावेत असं त्यांनाही वाटलं असेल. माणूस अगदीच काही वाईट नाही.

फोन ठेवल्यावर हिचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाली, कांदा. जेवायला ऑम्लेट होतं, त्यात कांदा नव्हता.  नवऱ्याची साठी म्हणजे काही थोडी गोष्ट नाही.

रविवार, १३ एप्रिल

मास्तर आणि ताई दुकानात आले. जंगलात घालायला शर्ट हवा म्हणाले. ताईंनी त्यांचा दंड धरला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात ही दोघं एकमेकांना धरून चालताना मी बघितली नव्हती. उतारवयात लोकांना हे सुचतं. आम्हाला अजून सुचलेलं नाही.

मास्तर दुकानातही काळा चष्मा काढत नाहीत. मी चार तागे समोर टाकले. त्यांनी रंगांकडे ढुंकूनही बघितलं नाही, नुसता हात फिरवला आणि म्हणाले, हे. मी म्हटलं, हिरवा? ते म्हणाले, तेच म्हणतोय. रंग न बघता कापड घेणारं गिऱ्हाईक म्हणजे एकतर फार जाणकार नाहीतर फार गर्विष्ठ. मास्तर कुठले, ते मला माहीत आहे.

चहा आला तर कपापासून वीतभर अलीकडे हात ठेवून बसले. कुणीतरी उचलून हातात द्यावा म्हणून. ताईंनी दिला. राजेशाही थाट आहे.

माप घेताना मी म्हटलं, तुमचा डावा खांदा अजून अर्धा इंच खालीच आहे. आमच्या लग्नात त्यांचा कोट मी शिवला तेव्हाही म्हटलं होतं. त्या वेळी चिडले होते. आज हसले आणि म्हणाले, "एवढं तुम्हालाच दिसतं." टोमणा असावा. दिवसभर विचार करूनही टोमणा सापडला नाही.

ड्रायव्हिंग स्कूल पुतण्याकडे दिलंय म्हणे. कंटाळा आला म्हणाले. मास्तरांना आणि गाडीचा कंटाळा. पैसा जास्त झाला की असं होतं.

गुरुवार, १७ एप्रिल

पोहोचलो. पाठ धरलीय.

सकाळी त्यांच्या दारात गेलो तर मास्तरांनी चावी माझ्या हातात दिली. म्हणाले, "जन्मभर बाजूला बसून शिकवलं, आज नुसता बाजूला बसतो." नुसते कसले बसतात. शेजारी बसून मागे मान टेकली, आणि बहुधा डोळेही मिटले होते, पण एक चूक सुटू दिली नाही. डावं चाक कडेची खडी खातंय. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ते पायदान नाही. मागच्याला जाऊ द्या, तो मघापासून गुरगुरतोय. माझ्यासारख्याला शिकवायला डोळे उघडायचीही गरज नाही, असं त्यांना दाखवायचं असणार.

वर परीक्षा चालूच. समोर पाटीवर काय लिहिलंय? ट्रकच्या मागे काय लिहिलंय? आता काय दिसतंय? मी म्हटलं, एक माणूस सायकलवरून चाललाय, डोक्यावर गादी आहे. ते एकदम खूश झाले. गादीचा रंग कोणता, एका हाताने धरलीय की दोन्ही, तोल कसा सांभाळतोय, सगळं विचारलं. मी म्हटलं, मागे वळून बघा की. ताई मागून म्हणाल्या, सांगा ना हो त्यांना. सांगितलं. एकाही उत्तराला शाबासकी नाही.

राहायची जागा बरी आहे. एका ओळीत चार खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्याला दोन पायऱ्या. दुसरी पायरी मास्तरांना दिसली नाही. पडता पडता माझ्या खांद्याला धरलं आणि पायरी बांधणाऱ्याचा उद्धार केला. जेवताना चमचा सूपच्या वाटीबाहेर बुडवला. मी हिला खोलीत म्हटलं, मास्तर हल्ली घेतात की काय? बाटली कुठे दिसत नाही, पण लक्षणं तीच. ही माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, तुम्ही झोपा. आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसली.

उद्या अठरा.

शुक्रवार, १८ एप्रिल

साठ पूर्ण. कुणालाही सांगू नये असा दिवस गेला, आणि सांगायला कुणी विचारलंही नाही.

पहाटे उघड्या जीपमधून निघालो. पुढे ड्रायव्हर आणि गाईडबाई, मधे मास्तर आणि मी, मागे दोघी बहिणी. मला खिडकीची जागा हवी होती म्हणावं तर उघड्या जीपला खिडक्याच नसतात, पण ताईंनी मला दंडाला धरून मास्तरांच्या शेजारी बसवलं. गाईडबाई सतत कुजबुजत बोलते. जंगलात ठीक आहे, पण नाश्त्याच्या टेबलावरही ती चटणी सरकवा असं कानात येऊन सांगते.

वाघ नाही. हरणं दिसली, रानडुकरं दिसली, एक घुबड दिसलं. गाईडबाईने डावीकडे बोट केलं की मास्तर उजवीकडे बघून वा, वा म्हणत. ज्याने गाडीएवढा वाघ बघितलाय त्याला घुबडाचं काय कौतुक असणार. निदान त्या बाजूला बघायचं तरी.

पाणवठ्यावर बराच वेळ थांबलो. पाणी होतं, वाघीण नव्हती.

दिवसभर कुणीही तोंड उघडलं की मी तयारीत असायचो. कुणी काही बोललं नाही. मग लक्षात आलं, रात्रीच्या जेवणाला करणार. मी निळा शर्ट घातला. जेवणाच्या खोलीत गेलो तर आचारी झाकलेलं ताट घेऊन आला. मी खुर्ची सरकवून सरळ बसलो. झाकण काढलं, उकडलेले बटाटे निघाले.

तेवढ्यात दिवे गेले. आता मात्र माझी खात्री पटली. अंधारात मी चेहरा जमवला. चकित व्हायचं, पण फार नाही. आणि खरंच मॅनेजर दोन मेणबत्त्या हातात धरून आला. मी उठून उभा राहिलो. तो म्हणाला, "बसा साहेब, जनरेटर लावायला माणूस गेलाय."

ही म्हणाली, उभे का राहिलात? मी म्हटलं, पाय आखडला.

मास्तर अंधारात शांतपणे बटाटे खात होते. दिवे गेल्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

शनिवार, १९ एप्रिल

वाघीण दिसली. बछडे दिसले. एवढं आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना मी कुठून कुठे जाईन सांगता येत नाही. दुपार आहे, व्हरांड्यात बसलोय. बाकीचे आत झोपलेत.

सकाळी मी फुगूनच जीपमध्ये चढलो होतो. कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. गंमत अशी की जंगलात कुणीच कुणाशी बोलत नाही, त्यामुळे माझा राग कुणाच्या लक्षात आला नाही.

पाणवठ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने गाडी बंद केली. पलीकडच्या काठावर माणसाच्या कमरेएवढं वाळलेलं गवत होतं. गाईडबाईने एक बोट वर केलं. गवत हललं, आणि ती बाहेर आली.

मला वाटलं होतं वाघ दिसल्यावर माणूस दचकतो. तसं नाही. मी श्वास घ्यायचा विसरलो, एवढंच. खरं लिहायचं तर त्यानंतरचा पहिला विचार असा होता: आता मीही बघितला, आणि तोही उजेडात. मास्तरांचा चेहरा बघावा म्हणून मी वळलो.

मास्तर मान ताठ करून एका वठलेल्या खोडाकडे बघत होते. मला वाटलं, मुद्दाम. माझ्यादेखत कौतुक करायला नको म्हणून. मी कोपराने ढोसलं, त्या तिकडे म्हणून. त्यांनी चष्मा काढला आणि माझी बाही धरली.

"टेलर, मला दिसत नाही."

मी म्हटलं, मधे झुडूप असेल, माझ्याकडे सरका.

"झुडूप नाही. काचबिंदू आहे. डावा गेला, उजव्यात थोडा उजेड उरलाय, तोही जाणार. बाकीचं नंतर विचारा, ती निघून जाईल. आता सांगा."

मी म्हटलं, काय सांगू?

"दिसतं ते. ही रुमाल धरून बसली असणार." मी मागे बघितलं. ताईंनी खरंच दोन्ही डोळ्यांवर रुमाल दाबला होता. "पुतण्या काही दाखवायला नेतो आणि भारी, भारी म्हणतो. मला भारी ऐकायचं नाही. माणूस दारातून आत येईपर्यंत तुम्ही त्याचं माप घेता. तिचं घ्या."

 ते बाही सोडत नव्हते. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जे येतं ते बोलायला लागलो.

म्हटलं, लांबी आपल्या सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलाएवढी, शेपूट सोडून. रंग नारिंगी म्हणतात तसा नाही, जुन्या पितळेसारखा, घासलेल्या जागी उजळ. पोटाखाली पांढरं अस्तर आहे आणि ते सैल सुटलंय, चालताना हलतं. पिल्लं पाजणारी आहे. पट्टे काळे, पण डावीकडचे उजवीकडच्यांशी जुळत नाहीत. माझ्या दुकानातून असा कोट गेला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता. हिला मात्र बसलाय. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही.

मास्तर म्हणाले, खांदे?

म्हटलं, चालताना एक वर, एक खाली. तुमच्यासारखे.

त्यांचं पोट हसून हललं. गाईडबाईने मागे बघितलं, मी आवाज आणखी खाली घेतला. म्हटलं, आता बछडे आले. दोन. कानांच्या मागे पांढरा ठिपका आहे, बटण लावल्यासारखा. कातडं वाढत्या अंगाचं शिवलंय, मानेपाशी सगळं गोळा झालंय. पंजे तर दोन मापं मोठे, थोरल्या भावाचे बूट घातल्यासारखे. एक आईच्या शेपटीवर उडी मारतोय. चुकला. परत मारतोय. दुसरा नुसता बसलाय आणि आपल्याकडे बघतोय.

"आपल्याकडे?"

तुमच्याकडेच, मी म्हटलं. मास्तरांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

मग वाघीण वळली आणि पाठीकडून पाण्यात शिरायला लागली. आधी शेपूट, मग मागचे पाय, असं करत गळ्यापर्यंत. हे मी कधी ऐकलेलं नव्हतं. मी म्हटलं, मास्तर, ती रिव्हर्समध्ये पाण्यात चाललीय.

"मान वळवून मागे बघितलं का तिने?"

नाही.

"नापास," मास्तर म्हणाले.

मला हसू आवरेना. तोंडात रुमाल कोंबला. मास्तरांचेही डोळे वाहत होते, त्यातलं हसण्याचं किती आणि बाकीचं किती ते मी बघितलं नाही.

ती किती वेळ पाण्यात बसली माहीत नाही. मी बोलत होतो. थोरला बछडा पाण्यात एक पंजा घालायचा आणि झटकायचा, मांजरासारखा, तेही सांगितलं. ती जांभई देते तेव्हा नाकाला कशा चुण्या पडतात तेही. मग ती उठली. अंगावरून पाणी गळत होतं, पट्टे आणखी काळे दिसत होते. गवतात शिरली. मागून एक बछडा, मग दुसरा. गवत मिटलं.

ड्रायव्हरने चावीकडे हात नेला.

मास्तरांनी माझी बाही आणखी घट्ट धरली आणि विचारलं, "आता?"

गेले म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, तिसरा आलाय.

हे मी का केलं ते मला अजून कळलेलं नाही. लहानपणापासून मला थापा मारता येत नाहीत, गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणतानाही माझे कान तापतात. पण तिसरा आला. म्हटलं, मागे राहिला होता, सगळ्यांत लहान. याचं कातडं तर दोघांचं उरलेलं कापड जोडून शिवल्यासारखं. डावा कान जरा दुमडलाय. काठाशी आलाय. पाण्यात डोकावतोय. त्याला स्वतःचा चेहरा दिसला. दचकला, मागच्या मागे बसला. परत पुढे येतोय. आता दोघं एकमेकांना हुंगतायत.

पुढच्या सीटवरून गाईडबाईने माझ्याकडे बघितलं. मग मास्तरांनी धरलेल्या माझ्या बाहीकडे. तिने ड्रायव्हरच्या मनगटावर हळूच हात ठेवला. ताईंनी रुमाल काढला होता आणि त्या रिकाम्या काठाकडे बघत होत्या. ही पण बघत होती. पाच माणसं श्वास रोखून बसली होती आणि समोर गवताशिवाय काही नव्हतं.

"हाक आली आईची," मी शेवटी म्हटलं. "पळाला."

मास्तरांनी बाही सोडली. कापडाला पडलेली सुरकुती अजून गेलेली नाही. चष्मा घातला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चला. छान झालं."

रविवार, २० एप्रिल

परतलो. वाटेत मास्तरांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी कडा पुसट व्हायला लागल्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ते दुर्लक्ष करत राहिले. एका शिकाऊ मुलीला सिग्नल हिरवा आहे म्हणाले, तो लाल होता. काही झालं नाही, मुलीनेच ब्रेक दाबला. त्या दिवशी गाडीची चावी पुतण्याला देऊन टाकली आणि मग डॉक्टरकडे गेले. कुणाला कळू द्यायचं नाही अशी ताईंना शपथ घातली. ताईंनी हिला सांगितलं. मला सांगायचं नाही असं हिला बजावलं, कारण मास्तरांना मला स्वतः सांगायचं होतं. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी जमलं नाही. "तुमच्यासमोर ते बोलणं जड गेलं हो," म्हणाले. बाकी कुणासमोर सोपं गेलं असतं असं नाही, पण माझ्यासमोर जास्त जड.

मी धीर करून त्या घाटातल्या वाघाबद्दल विचारलं. मागच्या सीटवरून हिचा पाय पोहोचत नव्हता.

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, काहीतरी आडवं गेलं हे खरं. काय ते नीट बघायच्या आधीच घाबरून दिवे बंद केले. बहुतेक म्हैस असावी.

म्हणजे काल सकाळपर्यंत आम्ही दोघांनीही वाघ बघितलेला नव्हता. एवढी वर्षं मी म्हशीवर जळत होतो.

घरी आल्यावर बॅग उघडताना ही एकदम मटकन खाली बसली. अठरा तारीख आठवली. रडायलाच लागली, मी काय बायको आहे का म्हणून. मी म्हटलं, असू दे, मेणबत्त्या आल्या होत्या. तिला ते कळलं नाही. मीही समजावलं नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

तिसऱ्या बछड्याने झोप उडवलीय. आंधळ्या होत चाललेल्या माणसाला मी नसलेली गोष्ट दाखवली. चांगल्यासाठी केलं म्हणावं, तर त्याने विश्वासाने माझे डोळे उसने घेतले होते आणि मी कापडात भेसळ केली. सांगून टाकावं म्हणून दोनदा फोन उचलला. ही म्हणाली, काही सांगायची गरज नाही, भाऊजी खूश आहेत, ताई म्हणते रोज एकदा तरी पाण्यात डोकावणाऱ्या पिल्लाची गोष्ट काढतात. त्यानेच तर जास्त वाईट वाटतं.

आज मास्तर रिक्षा करून एकटे दुकानात आले. मशीनशेजारी स्टूल टाकून बसले. काम काही नव्हतं. मी शिवत होतो, ते रस्त्याचे आवाज ऐकत होते. कोण गेलं विचारायचे, मी सांगायचो. सांगून टाकायची तीच वेळ होती. मी त्यांना समोरच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरींचं वर्णन सांगितलं, आणि चादरी होत्या तेवढ्याच सांगितल्या.

रविवार, ११ मे

पुतण्याकडे सगळे जेवायला जमलो होतो. हात धुवायच्या आत वाघ आला. पण घाटातला नाही. मास्तरांनी त्या वाघाचं नावही काढलं नाही. आपल्या डोळ्यांचं मात्र त्यांनी सगळ्यांसमोर आधी सांगून टाकलं, जसं कुणी घर बदलल्याचं सांगतो तसं, आणि कुणाला हळहळायला वेळ मिळायच्या आत पाणवठ्यावर आले.

माझंच सगळं बोलणं होतं. जुनं पितळ, सैल अस्तर, न जुळणारे पट्टे, थोरल्या भावाचे बूट. रिव्हर्सला तर पुतण्या खुर्चीवरून घसरला. माझं नाव एकदाही आलं नाही. महिन्यापूर्वी मी यावरून रात्रभर जागा राहिलो असतो. आज मी घाबरत होतो ते वेगळ्याच गोष्टीला, आणि ती आली. तिसरा बछडा काठावर आला, पाण्यात डोकावला, दचकून मागच्या मागे बसला. सगळे आ करून ऐकत होते. दुमडलेला कान मास्तरांनी उजवा केला, बाकी शिवणीला शिवण.

पुतण्याची बायको म्हणाली, पण काकू तर दोनच म्हणाल्या होत्या.

 मास्तरांचा चेहरा माझ्या दिशेने वळला, नेमका नाही, जरा बाजूला. ताई पाण्याच्या भांड्यात बघत होत्या. ही माझ्याकडे बघत होती. टेबलाखाली पाय नव्हता.

"तीन," मी म्हटलं. "तिसरा मागून आला."

ताई म्हणाल्या, माझ्या डोळ्यांवर रुमाल होता बाई, मला काय विचारतेस. आणि त्यांनी सगळ्यांना आणखी वाढलं.

निघताना दोघी बहिणी पुतण्याच्या गाडीतून गेल्या, मास्तर माझ्या शेजारी बसले. शहराबाहेरच्या रस्त्याला लागलो. आता सांगून टाकायचंच असं ठरवून मी म्हटलं, मास्तर, त्या तिसऱ्याबद्दल.

ते म्हणाले, "कान डावा होता ना? मुद्दाम उजवा केला. म्हटलं बघू, टेलर दुरुस्त करतात का."

मी उगाच गिअर बदलला.

"तिसरा आला तेव्हा तुमचा आवाज बदलला हो. आधीचे दोन तुम्ही बघून सांगत होतात, भराभर. हा बेतून सांगत होतात. मला तेव्हाच कळलं."

मी विचारलं, मग सगळ्यांसमोर तीन कशाला सांगितले?

मास्तरांनी हात पुढे करून चाचपत काच थोडी खाली केली. वारा आत आला. म्हणाले, "पहिले दोन जीपमधल्या सगळ्यांनी बघितले. माझ्याशिवाय. तिसरा आपण दोघांनीच बघितला."

मी म्हटलं, गाडी चालवताना असं काही बोलत जाऊ नका, मला समोरचं नीट दिसत नाही. आणि खरंच दिसत नव्हतं.

"मग वायपर लावा," मास्तर म्हणाले.

लख्ख ऊन होतं, आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. पण मी लावले.